एक चावी, सगळी दारं: मास्टर की नेमकी चालते कशी?

(या एपिसोडमध्ये आकडे बरेच आहेत. बसमध्ये, चालता-चालता ऐकताना ते निसटतात, म्हणून हा लिखित अवतार. बोलण्यातला पाल्हाळ थोडा कापलाय, आकड्यांची उदाहरणं नीट मांडलीत.)



मागच्या आठवड्यात एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. पुण्यात पीजीमध्ये राहते. तिचा प्रश्न असा: "दादा, आमच्या मालकीणबाईंकडे एकच चावी आहे आणि ती आमच्या बाराही खोल्यांना लागते. पण माझी चावी शेजारच्या खोलीला लागत नाही, मी लावून बघितली. हे कसं काय? आणि त्यांची ती चावी कुणाच्या हाती लागली तर?"

प्रश्न दोन आहेत. पहिला इंजिनिअरिंगचा, दुसरा झोप उडवणारा. आणि गंमत म्हणजे पहिल्याचं उत्तर कळलं की दुसऱ्याचं आपोआप कळतं. म्हणून आधी कुलूप उघडून बघू. म्हणजे, आतून बघू.

दाराच्या लॅचमध्ये, मॉर्टिस लॉकमध्ये किंवा ऑफिसच्या केबिनच्या दाराला आपण चावी घालतो तो पितळी गोल भाग म्हणजे सिलिंडर. त्याच्या आत अजून एक छोटा गोल दांडा असतो, जो चावीबरोबर फिरतो. त्याला प्लग म्हणतात. प्लग फिरला की दार उघडलं. मग तो एरवी का फिरत नाही? कारण वरून पाच किंवा सहा पिना त्याच्यात घुसलेल्या असतात. प्रत्येक पिनेच्या डोक्यावर स्प्रिंग. अर्धी पिन बाहेरच्या भागात, अर्धी प्लगमध्ये. दारात पाय घालून उभ्या राहिलेल्या माणसासारखी.

आता महत्त्वाचं. ही पिन अखंड नसते. दोन तुकडे एकावर एक ठेवलेले असतात, खालचा आणि वरचा. तुमची चावी आत गेली की तिच्या खाचांवर हे तुकडे कमी-जास्त वर उचलले जातात. खाच खोल असेल तर पिन खाली राहते, उथळ असेल तर वर जाते. बरोबर चावी असेल तर पाचही पिनांमधला जोड नेमका प्लगच्या कडेवर येतो. त्या कडेला आपण सीमारेषा म्हणू. पाचही जोड सीमारेषेवर आले की खालचे तुकडे प्लगबरोबर फिरतात, वरचे तुकडे जागेवर राहतात, दार उघडतं. एक जरी पिन केसभर वर-खाली असली तरी प्लग अडकतो.

कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियातल्या लाकडी कुलपांमध्येही खाली पडणाऱ्या पिना होत्या. आज आपल्या खिशात जी छोटी चपटी चावी असते तिचं श्रेय मात्र लायनस येल ज्युनियर या अमेरिकन माणसाला जातं. त्याची पेटंटं १८६० च्या दशकातली. म्हणजे तुमच्या फोनचं तंत्रज्ञान दर वर्षी बदलतं आणि दाराचं दीडशे वर्षांहून जुनं आहे.

प्रत्येक खाचेच्या खोलीला एक आकडा असतो, समजा ० ते ९. म्हणजे पाच पिनांची चावी म्हणजे पाच आकडी पिन कोडच. धातूत कोरलेला पासवर्ड. समजा तुमच्या खोलीची चावी आहे ४-७-२-५-८. एकूण शक्यता एक लाख. (प्रत्यक्षात थोड्या कमी, कारण शेजारशेजारच्या खाचांमध्ये फार मोठा फरक ठेवला तर चावी नीट आत-बाहेर होत नाही. पण हिशोबाला एक लाख धरू.)

मग मालकीणबाईंची चावी कशी लागते?

तीन शक्यता आहेत. पहिली, बाराही कुलपं एकाच चावीची आहेत. पण मग आपल्या श्रोतीची चावी शेजारी लागली असती. दुसरी, मालकीणबाईंकडे बारा डुप्लिकेटचा जुडगा आहे. आपल्याकडे बहुतेक पीजीत हेच असतं. पण इथे त्या एकच चावी वापरतात. उरली तिसरी, म्हणजे खरीखुरी मास्टर की.

समजा मास्टर चावी आहे ६-३-४-७-२. तुमच्या ४-७-२-५-८ पेक्षा पाचही आकडे वेगळे. एकाच कुलपाला दोन्ही चालवायच्या तर पहिल्या पिनेचा जोड ४ वरही सीमारेषेवर यायला हवा आणि ६ वरही. तोडगा इतका साधा आहे की हसू येतं. पिनेचे दोनऐवजी तीन तुकडे करायचे. खालच्या आणि वरच्या तुकड्याच्या मध्ये एक पातळ चकती घालायची. झालं! आता त्या कप्प्यात दोन जोड आहेत, एक चकतीच्या खाली, एक वर. तुमच्या चावीने एक जोड सीमारेषेवर येतो, मास्टर चावीने दुसरा. पाच कप्पे, पाच चकत्या. शेजारच्या खोलीतही अशाच पाच चकत्या, पण तिथले जाड-पातळ वेगळे.

मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा वाटलं होतं की मास्टर चावीत काहीतरी खास असणार, ती जास्त "ताकदवान" असणार. तसं काही नसतं. मास्टर चावी दिसायला तुमच्या चावीसारखीच असते, त्याच पितळाची. बदल चावीत केलेला नसतो, बदल कुलपात केलेला असतो. बाराही दारांची कुलपं थोडी थोडी सैल केलेली असतात, म्हणून एक चावी सगळीकडे चालते. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

किती सैल? मोजू. पहिला कप्पा आता ४ किंवा ६ ला मान देतो. दुसरा ७ किंवा ३. तिसरा २ किंवा ४. चौथा ५ किंवा ७. पाचवा ८ किंवा २. कुलपाला हे कळत नाही की "४ हा भाडेकरूचा आकडा आणि ६ हा मालकाचा." त्याला फक्त पाच जोड हवेत. म्हणजे ४-३-२-७-८ ही खिचडी चावीही ते दार उघडेल. अशा किती? दोनचा पाचवा घात, ३२. तुम्हाला वाटत होतं तुमचं दार दोन चाव्यांनी उघडतं. ते ३२ वेगवेगळ्या चाव्यांनी उघडतं. बाकीच्या ३० कुणी बनवलेल्या नाहीत, पण कुलूप त्यांना नाही म्हणणार नाही. सहा पिना असतील तर ६४.

आता शेजारची चावी का लागत नाही, तेही बघू. चकती फार पातळ झाली तर ती वाकडी होऊन अडकते, म्हणून सहसा मास्टरच्या आकड्यात आणि खोलीच्या आकड्यात किमान दोनचा फरक ठेवतात. मास्टरचा आकडा ६ असेल तर खोल्यांना ०, २, ४, ८ मिळतात. प्रत्येक कप्प्यात चार पर्याय. चारचा पाचवा घात १०२४. म्हणजे या पद्धतीत एका मास्टरखाली १०२४ वेगळ्या खोल्या बसतात. आणि कुठल्याही खोलीच्या चावीत मास्टरचा आकडा येत नसल्याने एकीची चावी दुसरीला लागत नाही. बारा खोल्यांसाठी हे भरपूर झालं. पण बघा, एक लाखावरून आपण १०२४ वर आलो.

इंजिनिअरिंगवाल्यांना पुढची गोष्ट आवडेल. मोठ्या हॉस्टेलमध्ये किंवा ऑफिसात मधल्या पातळ्याही असतात. मजल्याच्या सफाई कर्मचाऱ्याला फक्त त्याचा मजला, मॅनेजरला सगळी इमारत. हे कसं करतात? पहिले दोन आकडे मजल्याला देऊन टाकायचे. समजा तुमच्या मजल्याच्या सगळ्या चाव्या ४-७ ने सुरू होतात. पुढचे तीन आकडे खोलीचे. मग मजल्याची मास्टर झाली ४-७-४-७-२: पहिले दोन मजल्याचे, उरलेले तीन मोठ्या मास्टरचे. ती फक्त ४-७ वाल्या मजल्यावर चालते. असे १६ मजले आणि प्रत्येकी ६४ खोल्या. ज्यांनी नेटवर्किंगचा पेपर दिलाय त्यांना आयपी ॲड्रेस आणि सबनेट आठवले असतील. अगदी तेच आहे, फक्त पितळेत.

इथपर्यंत सगळं छान, हुशारीचं वाटतं. आता झोप उडवणारा भाग.

मॅट ब्लेझ नावाचा एक क्रिप्टोग्राफर आहे. १९९० च्या दशकात अमेरिकी सरकारने फोन एन्क्रिप्शनसाठी क्लिपर चिप नावाची एक योजना आणली होती, ज्यात सरकारकडे उघडायची सोय राहणार होती. त्यातली खोट १९९४ मध्ये याच माणसाने दाखवली. म्हणजे मास्टर कीशी त्याचं वैर जुनं! तर हा ब्लेझ एटी अँड टीच्या संशोधन विभागात असताना त्याने कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या चष्म्यातून इमारतींच्या कुलपांकडे बघितलं. २००३ मध्ये त्याचा पेपर आला आणि त्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी केली. कुलूपवाल्यांच्या जगात खळबळ.

त्याचं म्हणणं एका उदाहरणात सांगतो. समजा एखादी वेबसाइट पासवर्ड तपासताना पूर्ण पासवर्ड बरोबर की चूक एवढंच सांगते. तर तुम्हाला लाखभर प्रयत्न करावे लागतील. पण समजा ती वेबसाइट प्रत्येक अक्षर वेगळं सांगू लागली, "पहिलं बरोबर, दुसरं चूक", तर? मग पासवर्ड काही मिनिटांत गेला. मास्टर की असलेलं कुलूप हेच करतं. तुमच्याकडे तुमची कायदेशीर चावी आहे आणि तुमचं दार आहे. तुमच्या चावीसारखीच दुसरी चावी घ्या, चार आकडे तेच, फक्त एक वेगळा. दार उघडलं नाही तर तो आकडा मास्टरचा नाही. उघडलं तर त्या जागेवरचा मास्टरचा आकडा सापडला! कारण कप्पे एकमेकांशी बोलत नाहीत, प्रत्येक कप्पा आपापलं उत्तर देतो. पाच जागा, प्रत्येक जागी उरलेले नऊ आकडे, म्हणजे जास्तीत जास्त ४५ प्रयत्न. दोनच्या फरकाचा नियम पाळलेला असेल तर २०. एक लाख कुठे आणि वीस कुठे!

बघा काय झालं ते. कुलूप फोडलं नाही, चावी चोरली नाही, मालकीणबाईंची चावी डोळ्यांनी बघितलीही नाही. बारा जणींपैकी कुणीही एक, किंवा दोन वर्षांपूर्वी खोली सोडून गेलेली कुणीतरी, ज्यांच्याकडे एकेकाळी एका खोलीची चावी होती, त्यांच्या हातात सगळ्या खोल्यांच्या चावीची माहिती होती. सिक्युरिटीत याला अधिकार वाढवणं म्हणतात. साध्या युजरने ॲडमिन होणं.

कुलूपवाले ब्लेझवर चिडले. काहींचं म्हणणं होतं की हे आम्हाला आधीच माहीत होतं, तू जगाला का सांगितलंस? मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. धंद्यातल्यांना माहीत, चोराला माहीत असू शकतं, आणि माहीत नाही ते फक्त दाराच्या आत झोपणाऱ्याला. हा वादही नवा नाही. १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने तिथली नावाजलेली कुलपं चावीशिवाय उघडून दाखवली, त्यात दुकानाच्या खिडकीत २०० गिनींच्या बक्षिसासह ठेवलेलं ब्रामाचं कुलूपही होतं. तेव्हाही हेच भांडण झालं होतं.

(एक गोष्ट स्पष्ट: दुसऱ्याच्या इमारतीवर हा प्रयोग केलात तर तो गुन्हा आहे. हुशारी म्हणून कुणी सोडणार नाही.)

यावर उपाय नाहीत असं नाही. काही कुलपांत प्लगभोवती वेगळी रिंग असते, तिथे मास्टरची सीमारेषाच वेगळी. खिचडी चावी चालतच नाही. पण ती महाग आणि दुर्मीळ. जास्त प्रचलित उपाय म्हणजे कोरी चावीच बाजारात मिळू न देणं. चावीच्या चपट्या भागावरच्या उभ्या रेघा पेटंट केलेल्या असतात, आणि डुप्लिकेट बनवायला कंपनीचं कार्ड दाखवावं लागतं. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडे तशी कोरी चावी सहसा नसते.

जर्मनीत शिकायला गेलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे चांगलं माहीत आहे. तिथे एकच चावी इमारतीचं मुख्य दार, तळघर आणि तुमचा फ्लॅट उघडते. सोयीचं आहे, पण ती हरवली तर? चावीबरोबर मुख्य दाराचा प्रश्न येतो, आणि मालक म्हणू शकतो की सगळ्या इमारतीची कुलपं बदलायचा खर्च द्या. एक प्रकरण तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं होतं. भाडेकरूला एक चावी परत देता आली नाही, आणि कुलपं बदलण्यासाठी सुमारे १,४६८ युरोची मागणी झाली. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कुलपं प्रत्यक्षात बदलली असतील तरच पैसे मागता येतील, नुसत्या अंदाजपत्रकावर नाही. त्या वेळी कुलपं बदललेलीच नव्हती. तिकडे राहणाऱ्यांनी आपल्या विम्यात चावी हरवण्याचा खर्च येतो का, ते एकदा बघून ठेवा.

आपल्याकडे उलटं आहे. चावी हरवली तर चावीवाला दहा मिनिटांत नवी देतो आणि विषय संपतो. जुनी कुठे गेली, कुणी विचारत नाही. धातूच्या चावीचा हा सगळ्यात मोठा तोटा: ती रद्द करता येत नाही. मास्टर हरवली तर प्रामाणिक उपाय एकच, त्या मास्टरखालची सगळी कुलपं नव्याने पिना घालून बदलणं. बारा खोल्या, बारा कुलपं, बारा नव्या चाव्या. खर्च बघून मालक काय करतील, तुम्हीच सांगा.

म्हणून आपल्या श्रोतीला आणि हॉस्टेल-पीजीत राहणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं. मालकांकडे आपत्कालीन चावी असणं यात गैर काही नाही. आग लागली, कुणी आत बेशुद्ध पडलं, तर ती लागतेच. प्रश्न असा विचारा: ती चावी किती जणांकडे आहे, रात्री कुठे असते, आणि कुणी खोली सोडून गेल्यावर कुलूप बदलता का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक मालक गप्प होतात. आतून लावायची साधी कडी दाराला आहे की नाही बघा. बाहेरच्या कुठल्याही मास्टर चावीला आतल्या कडीचं काही करता येत नाही. तुम्ही नसताना मात्र कडी कामाची नाही, म्हणून लॅपटॉप आणि कागदपत्रं कपाटात, आणि कपाटाला स्वतः विकत घेतलेलं कुलूप. फ्लॅट भाड्याने घेतला असेल तर मालकांना विचारून सिलिंडरच बदलून घ्या. हल्लीच्या मॉर्टिस लॉकमध्ये दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो, तो काढला की सिलिंडर सरळ बाहेर येतो. अख्खं कुलूप बदलावं लागत नाही. घर सोडताना जुना सिलिंडर परत बसवून द्या, भांडण नको.

आता इमारतीच्या मुख्य दाराबद्दल. काही इमारतींत प्रत्येकाला आपल्याच फ्लॅटच्या चावीने खालचं दारही उघडता येतं. चाळीस फ्लॅट, चाळीस वेगळ्या चाव्या, एक दार. मास्टरच्या उलट झालं ना? तिकडे एक चावी अनेक कुलपांना, इकडे एक कुलूप अनेक चाव्यांना. कसं? सोपा मार्ग म्हणजे सगळ्यांच्या चावीत जे आकडे सारखे आहेत तेवढेच तपासायचे. सगळ्यांची चावी ४-७ ने सुरू होत असेल तर खालच्या कुलपात फक्त पहिल्या दोन कप्प्यांत पिना ठेवायच्या, उरलेले तीन रिकामे. आता एक लाखाच्या जागी शक्यता उरल्या फक्त १००. सगळ्या इमारतीचं जे पहिलं दार, तेच सगळ्यात कमकुवत. म्हणून "खाली गेट आहे ना, मग काय" असं म्हणून फ्लॅटचं दार नुसतं लोटून जाणाऱ्यांनी ऐकलं असेल तर बरं.

चावी म्हणजे आकडे, हे एकदा डोक्यात बसलं की अजून एक गोष्ट लक्षात येते. आकडे डोळ्यांनी वाचता येतात. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी छपरावरून, १९५ फुटांवरून, टेबलावर ठेवलेल्या चाव्यांचा फोटो काढून सॉफ्टवेअरने त्यांचे आकडे काढले. २००८ चा कॅमेरा होता तो. आज आपण काय करतो? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की तळहातावर चावी ठेवून स्टोरी टाकतो. वर लोकेशनही टॅग करतो!

मोठ्यांनीही हेच केलं. अमेरिकेला जाणाऱ्यांच्या बॅगांवर लाल चौकटीचं चिन्ह असलेलं कुलूप असतं, बाजूला टीएसए ००७ वगैरे लिहिलेलं. म्हणजे तिथल्या विमानतळ सुरक्षेकडे त्याची मास्टर चावी आहे. २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टच्या एका लेखाबरोबर या मास्टर चाव्यांचा स्पष्ट फोटो छापून आला. वर्षभराने कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि २०१५ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर छापता येतील अशा फायली इंटरनेटवर पोचल्या. ती कुलपं आजही विकली जातात. माझ्या मते बॅगेची झिप आपोआप उघडू नये एवढ्यापुरतं ते कुलूप ठीक आहे.

"मग दादा, कार्डवालं लॉक घ्यावं का?" हा प्रश्न येणारच. कार्डाचे फायदे खरे आहेत. हरवलेलं कार्ड रद्द करता येतं, कोण किती वाजता आलं याची नोंद राहते. पण मास्टरची गोष्ट तिथेही पाठ सोडत नाही. २००३ मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलातून एका सिक्युरिटीवाल्याचा लॅपटॉप चोरीला गेला, दार फोडल्याची एकही खूण नाही. त्याचे सहकारी, एफ-सिक्युअर या फिनिश कंपनीतले दोघं, या प्रश्नाच्या मागे लागले. फुरसतीच्या वेळात, बरीच वर्षं. २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की त्या प्रकारच्या जुन्या सिस्टीममध्ये हॉटेलचं कुठलंही एक साधं कार्ड, अगदी मुदत संपलेलंसुद्धा, हाती असलं तर त्यावरून मास्टर कार्ड तयार करता येतं. ओळखीचं वाटतंय ना? ब्लेझचीच गोष्ट, फक्त पितळेऐवजी प्लास्टिक. २०२४ च्या मार्चमध्ये सॅफलॉक नावाच्या दुसऱ्या सिस्टीमबद्दल असंच उघड झालं, तेव्हा जगभरात अशी ३० लाखांहून जास्त दारं होती. फरक एवढाच की इथे सॉफ्टवेअर बदलून दुरुस्ती करता येते. तीसुद्धा कुणीतरी प्रत्येक दारापाशी जाऊन केली तर.

शेवटचा विषय, माझा आवडता. चावी वाटून घ्यायची नसेल आणि तरी दार वाटून घ्यायचं असेल तर?

शेताच्या किंवा जंगलखात्याच्या फाटकावर कधी साखळी बघितलीय का, जिच्यात तीन-चार कुलपं एकात एक अडकवलेली असतात? एक शेतमालकाचं, एक वीजवाल्यांचं, एक शेजाऱ्याचं. कुणीही आपलं एक कुलूप काढलं की साखळी सुटते. कुणाकडेही दुसऱ्याची चावी नाही. एखाद्याचा हक्क काढायचा तर त्याचं कुलूप काढून टाका, बाकीच्यांना नव्या चाव्या द्यायला नकोत. प्रोग्रामिंगमधला हा ऑर. मास्टर कीपेक्षा शंभर पटीने प्रामाणिक रचना, आणि खर्च चार कुलपांचा.

याच्या उलट अँड. बँकेचा लॉकर आठवा. बँकेचा कर्मचारी आधी त्याची चावी लावतो, मग आपली. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. तुमच्या चावीची प्रत बँकेकडे नसते, म्हणून ती हरवली की लॉकर फोडावा लागतो आणि खर्च तुमचा. आजी लॉकरची चावी कुठे ठेवते ते घरात कुणालाच का सांगत नाही, ते आता समजेल. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये नवे नियम काढले, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले. त्यात आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट धरलीय. तुमचं भाडं गुणून बघा आणि आत ठेवलेल्या सोन्याशी तुलना करा.

आणि अँडचं सगळ्यात कडक रूप कारखान्यात. चाकण, रांजणगावकडे मेंटेनन्सला असणाऱ्या कुणालाही लोटो विचारा, लॉकआउट-टॅगआउट. मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याचा मेन स्विच बंद करून त्यावर एक चिमटा लावतात, ज्याला सहा भोकं असतात. मशीनमध्ये हात घालणारा प्रत्येक जण आपलं कुलूप एका भोकात लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज सुरू होऊ शकत नाही. पाच जण बाहेर आले, सहावा अजून आत आहे, तर मशीन बंदच. अमेरिकेत याचा नियम १९८९ मध्ये आला. इथला मंत्र म्हणजे एक माणूस, एक कुलूप, एक चावी. सुपरवायझर घाईत असेल, लाइन थांबली असेल, प्लांट हेड फोनवर ओरडत असेल, तरी आत असलेल्या माणसाची चावी दुसऱ्या कुणाच्या खिशात नसली पाहिजे.

तर मंडळी, तुमच्या पीजीत, हॉस्टेलमध्ये, ऑफिसात यातला कुठला प्रकार आहे ते व्हॉइस नोटवर सांगा. मालकांनी त्या तिसऱ्या प्रश्नाचं काय उत्तर दिलं तेही. चावीचा फोटो मात्र पाठवू नका.